चौदा किलोओहमचं गौडबंगाल

इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपच्या, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या भागाच्या, खोक्यावर सगळ्यात ठळक काय छापलेलं असतं? '१४ किलोओहम'. शेजारच्या खोक्यावर '७.५ किलोओहम'. टिळकवाडी, शहापूर, खानापूर, निपाणी, बेळगावकडची कुठलीही पोरं घ्या. गिटारसाठी ऑनलाइन पिकअप मागवताना नजर पहिली जाते ती याच आकड्यावर. 'दादा, ह्याच्याहून हॉट काय नाही काय?' हा ठरलेला प्रश्न. चौदा म्हणजे साडेसातच्या जवळजवळ दुप्पट दणका, असा सरळ हिशेब असतो. पिकअप बसतो, आवाज मोठा होतोही, पण गढूळ होतो. मग खापर फुटतं गिटारच्या लाकडावर. लाकडाचा काही दोष नसतो. तो आकडाही खोटा नसतो, फक्त तो भलत्याच गोष्टीचा असतो.

गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो ऐकलाच असेल. अख्खी गल्ली दणाणून सोडणारा तो आवाज त्या छोट्याशा पेटीच्या पोकळीतून निघत नाही. तारांखाली पिकअप बसवलेला असतो, तिथून तो अँप्लिफायरकडे जातो. इलेक्ट्रिक गिटारचंही तेच. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ही तार ०.०६ मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) गिटारच्या पद्धतीच्या पिकअपवर तिचे आठएक हजार वेढे बसतात. पंपाची मोटर भरणाऱ्या वायंडिंगवाल्याच्या हाताला एवढ्या बारीक तारेची सवय नसते, पण तत्त्व त्याच्या ओळखीचंच आहे. चुंबक वरच्या पोलादी तारेला चुंबकत्व देतो. ती थरथरली की वेढ्यांतून जाणारं चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं, आणि क्षेत्र बदललं की वेढ्यांत विद्युतदाब तयार होतो. मायकेल फॅरेडेनं १८३१ साली दाखवून दिलं ते हेच. गिटारसाठी ते वापरात आणणाऱ्यांपैकी जॉर्ज बीचम याला त्याचं पेटंट १९३७ मध्ये मिळालं.

थोडक्यात, पिकअपला हवेतला आवाज जवळपास ऐकूच येत नाही, त्याला फक्त पोलादाची हालचाल कळते. म्हणून नायलॉनच्या तारांवर तो मुका. अकूस्टिक गिटारच्या ब्रॉन्झच्या तारा लावल्या तर वरचा वेढा त्याच्या खिजगणतीत नसतो, आतली पोलादी तार तेवढी कळते. सीमेपलीकडे मिरजेत सतारीचा भोपळा पारखून घेतात, कारण तिथे पोकळीच आवाज घडवते. इलेक्ट्रिक गिटारच्या लाकडाला तो मान देणं मला पटत नाही. तार किती वेळ थरथरत राहील यावर लाकडाचा थोडाफार परिणाम होतो, पण घडणीतला मोठा वाटा पिकअप, त्याची जागा आणि त्याच्यापुढचं सर्किट यांचा.

आता त्या किलोओहमकडे. हा रोध, म्हणजे वेढ्यांची तार किती लांब आणि किती बारीक आहे याचा पुरावा. वेढे वाढवले की विद्युतदाब वाढतो, तारही लांबते, त्यामुळे रोधही वाढतो. दोघं बरोबर चालतात म्हणून एकमेकांचे कारण वाटतात. पण तेवढेच वेढे ४२ ऐवजी ४३ गेजच्या (गेज वाढला की तार बारीक) तारेनं घातले तर रोध सव्वापटीहून थोडा जास्त होतो आणि आवाजाचा जोर मात्र होता तेवढाच राहतो. आणखी एक गंमत घरच्या मल्टिमीटरवर बघता येते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. बेळगावच्या डिसेंबरातल्या सकाळी ८ किलोओहम दाखवणारा पिकअप एप्रिलच्या दुपारी, वीसेक अंश जास्त तापमानात, ८.६ दाखवेल. उन्हाळा लागला म्हणून तो काही 'हॉट' झालेला नसतो.

मीटरचा खरा उपयोग वेगळाच आहे. रीडिंगच येत नसेल तर वेढ्यांची तार कुठेतरी तुटली आहे असं समजायचं. पुष्कळदा ती अगदी टोकाला, जिथे जाड वायरला जोडलेली असते तिथे तुटते. भिंग आणि हलका हात असेल तर तिथे पुन्हा डाग देऊन पिकअप वाचवता येतो.

आवाजाचा पोत सांगणारी राशी म्हणजे इंडक्टन्स, प्रवाहातल्या बदलाला वेढे किती विरोध करतात याचं माप. ती हेन्रीत मोजतात आणि खोक्यावर ती क्वचितच छापलेली असते. स्ट्रॅट पद्धतीच्या पिकअपचा इंडक्टन्स साधारण अडीच हेन्री, जुन्या वळणाच्या हंबकरचा (दोन कॉइलच्या, म्हणजे वेढ्यांच्या दोन गुंडाळ्यांच्या पिकअपचा) साडेचारच्या घरात, चौदा किलोओहमवाल्या दणकट पिकअपचा आठच्या आसपास. हा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एक अनुनाद तयार होतो. त्या कंपनसंख्येपाशी आवाज उठून दिसतो, तिच्यावरचे स्वरांश मात्र झपाट्यानं गळतात. हिशेब मांडून बघू. गिटार केबलची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते. तीन मीटर केबल आणि पिकअपची स्वतःची थोडी धरून ४०० घेऊ. अडीच हेन्रीच्या पिकअपचा अनुनाद ५००० हर्ट्झला येतो, आठ हेन्रीवाल्याचा २८०० ला. चकाकी जिथे राहते तो सगळा वरचा पट्टा दुसऱ्यात छाटला गेला. गढूळपणा आला तो इथून. मेटल संगीत वाजवणाऱ्याला हेच हवं असतं, कारण डिस्टॉर्शनमधून गेल्यावर वरचा पट्टा कानाला टोचतो. पण चर्चमधल्या साथीला किंवा भावगीताच्या अर्पेजिओला (कॉर्डचे सूर एकेक करून वाजवण्याला) तोच पिकअप जड पडतो.

याच गणितातून एक स्वस्त गोष्ट हाती लागते. तीन मीटरऐवजी सहा मीटरची केबल लावली की तोच अडीच हेन्रीचा पिकअप ५००० वरून ३८०० हर्ट्झवर उतरतो. काही न उघडता, काही न झाळता आवाज बदलतो. व्हॉल्यूम पॉटचंही, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या बदलत्या रोधाचंही, असंच. २५० किलोओहमचा पॉट अनुनादाचा शेंडा दाबतो, ५०० चा त्याला मोकळा सोडतो. म्हणून सिंगल कॉइलला २५० आणि हंबकरला ५०० ही रूढी पडली. हंबकर मंद वाटत असेल तर आधी झाकण उघडून पॉटवरचा आकडा वाचावा, नवीन पिकअपचे पैसे नंतर मोजावेत.

घुंईऽऽ आवाजाची तक्रार तर प्रत्येकाची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे गिटारमध्ये शिरणारा गुंजारव ५०, १०० आणि त्याच्या पटीत येतो. पाश्चात्त्य स्वरांत तो 'जी'च्या किंचित वर पडतो, कान तयार असलेल्याला लगेच कळतो. मंडपातल्या रोषणाईचे डिमर चालू झाले की त्यात करकर मिसळते. इथे दोन शत्रू वेगळे ओळखायला हवेत. विद्युत क्षेत्रातून येणारी करकर आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवून आणि ती ग्राउंडला जोडून अडवता येते. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारा गुंजारव त्या पट्टीला जुमानत नाही. त्याच्यावरचा उपाय, म्हणजे हंबकर, गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यानं काढला. त्यानं १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ मध्ये ते मिळालं. शेजारी शेजारी दोन कॉइल, एकीचे वेढे दुसरीच्या उलट आणि चुंबकाचे ध्रुवही उलट. गुंजारवाला चुंबकाशी देणंघेणं नाही, तो दोन्हींत विरुद्ध दिशेनं उमटून आपसांतच मिटतो. तारेचा संकेत मात्र दोनदा उलटतो, म्हणजे सुलटाच होतो, आणि बेरीज होते.

म्हणूनच दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप एका गिटारमध्ये घालताना सावध राहावं. दोन्ही एकदम चालू केल्यावर आवाज पातळ आणि पोकळ झाला, तर एकाची फेज उलटी आहे, म्हणजे त्याचा संकेत दुसऱ्याच्या विरुद्ध दिशेनं येतो. त्या एकाच्या दोन वायरींची अदलाबदल करायची. पण एक वायर पिकअपच्या धातूच्या कवचाला जोडलेली असेल तर आधी कवचाचं ग्राउंड वेगळं काढायचं, नाहीतर कवचच अँटेना होऊन बसतं. चुंबकाचा ध्रुव बघायला शाळेतलं होकायंत्र पुरतं. कंपन्यांचे वायरींचे रंग एकसारखे नसतात, तिथे अंदाज चालत नाही. आणि एक गोष्ट ठणकावून सांगतो: हम, म्हणजे तो गुंजारव, जातो म्हणून अँप्लिफायरच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकणारे महाभाग आहेत. गिटारच्या तारा त्याच ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि त्यांवर तुमची बोटं असतात. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर गिटार वाजवूच नये.

सगळं करून झालं तरी स्क्रू ड्रायव्हर हातात हवाच. पिकअप तारेजवळ नेला की आवाज झपाट्यानं वाढतो, म्हणून हौशी माणूस तो वर वर चढवत जातो. स्ट्रॅट पद्धतीच्या पिकअपमधले चुंबक थेट तारेखाली असतात. फार जवळ आले की ते जाड तारेला ओढून धरतात, तिचं थरथरणं बिघडतं आणि वरच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) सूर डळमळतो. ट्यूनरला दोष देऊन उपयोग नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून चुंबकापासूनचं अंतर मोजा: जाड बाजूला २.४ आणि बारीक बाजूला २ मिलिमीटरपासून सुरुवात करा. हंबकरला थोडं जवळ चालतं. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, लाकूड ओलावा धरतं, मान हलते, तारांची उंची बदलते आणि त्याबरोबर हे अंतरही. जूनमध्ये लावलेलं माप ऑक्टोबरात पुन्हा तपासावं लागतं.

उरलं हार्डवेअर. गिटार सुरात राहत नाही म्हणून खुंट्या बदलणाऱ्यांना माझा सल्ला: आधी नट, म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, बघा. तार ओढली की 'टिक' करून उडत असेल, तर ती नटच्या खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं तरी फरक पडतो, कारण ग्राफाइट वंगणासारखं काम करतं. ब्रिज, म्हणजे तारा बुडाशी जिथे टेकतात तो भाग, मागवताना मात्र घाई नडते. स्ट्रॅटच्या जुन्या अमेरिकी मापात पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर ५६ मिलिमीटर, आशियात बनणाऱ्या बऱ्याच गिटारींवर ५२.५. चुकीचा आला तर बाहेरच्या तारा फ्रेटच्या कडेवरून घसरतात आणि पिकअपच्या चुंबकांवरूनही सरकतात. बटणांचंही तेच, मिलिमीटरच्या दांड्यावर इंची बटण बसत नाही.

ट्रेमोलोचा (दांड्यानं हलणाऱ्या ब्रिजचा) जस्ती ब्लॉक काढून पोलादी बसवायची हौस असेल, तर परदेशातून मागवायचीही गरज नाही. बेळगावात ओतकाम आणि मशीनिंगला तोटा नाही, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कुणीही मिलिंगवाला तो करून देईल. फक्त नुसतं चित्र काढून नेऊ नका, जुना ब्लॉक नमुना म्हणून बरोबर न्या. सहा भोकांच्या मध्यातलं अंतर व्हर्नियरनं तो स्वतःच मोजून घेईल, आणि तुम्ही मोजलेलं कसं चुकलं हेही सांगेल.