मोह: झाडानं स्वतःहून टाकलेलं फूल

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात मार्चअखेरीस मोहाचं झाड शोधायचं असेल तर डोळ्यांपेक्षा नाकाचा उपयोग जास्त. गोडसर, किंचित आंबूस, काहींना उग्रच वाटणारा वास आला की खाली बघायचं. पाचोळ्यावर फिकट पिवळी, रसाळ, बोराएवढी फुलं पडलेली असतात. वर पानं जवळजवळ नाहीत. फांद्यांच्या टोकांना तपकिरी, मखमली कळ्यांचे लोंबते झुबके. थोड्याच दिवसांत तिथे तांबूस पालवी फुटते. पान तोडलं तर पांढरा चीक येतो, कारण झाड चिकूच्या कुळातलं. बकुळही त्याच कुळातली.

पण खाली पडलेलं ते अख्खं फूल नसतंच. मोहाच्या पाकळ्या एकमेकींना जुळून त्यांचा जाड, गोड पेला बनतो आणि पुंकेसर त्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेले असतात. स्त्रीकेसराची काडी तर कळी उमलण्याआधीच बाहेर डोकावते. रात्री फलाहारी वटवाघळं हे पेले खायला येतात. अंगातोंडाला लागलेले पराग पुढच्या झुबक्यातल्या काड्यांना पुसले जातात आणि परागीभवन होतं. पहाटेच्या सुमारास पेला पुंकेसरांसकट गळून पडतो. ज्याचं फळ व्हायचं ते अंडाशय मात्र वर फांदीवरच राहतं.

म्हणून मोहाची फुलं वेचणं मला फार देखणा व्यवहार वाटतो. शेवग्याची किंवा कुड्याची फुलं भाजीसाठी तोडली की तेवढ्या शेंगा गेल्या. पडलेला मोह कितीही वेचला तरी झाडाचं एक फळ कमी होत नाही. पावसाच्या तोंडावर फळं पिकतात आणि बियांमधून मोहट्याचं तेल निघतं.

या पेल्यात साखर इतकी की वाळलेल्या फुलाच्या निम्म्याहून अधिक वजन तिचंच. वाळून ती मनुकांसारखी तपकिरी होतात आणि वर्षभर टिकतात. ओली फुलं खाताना आतले पुंकेसर काढून टाकायचे, माती धुऊन घ्यायची. ती भाजतात, उकडतात, वाळवून कुटून भाकरीच्या पिठातही घालतात. ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांवर धान्य संपत येण्याच्या दिवसांत या फुलांनी कित्येक पिढ्यांचं पोट भरलं आहे.

शहरी माणसाला मात्र मोह म्हटलं की दारूच आठवते. साखर आहे तिथे यीस्ट येणारच, त्यात फुलाचा काय दोष! इंग्रज सरकारला तो दिसला खरा. १८९२ साली मुंबई सरकारनं खास ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) या दोन जिल्ह्यांसाठी कायदा करून मोहाच्या फुलांच्या व्यापारावर आणि वापरावर निर्बंध घातले. आज ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्या किती जणांना माहीत असेल की आपल्याकडे एका फुलासाठी वेगळा कायदा होता?

आता यातली खरी अडचण. पाचोळ्यात फुलं दिसत नाहीत, म्हणून काही ठिकाणी झाडाखालचा पाचोळा पेटवतात. फुलं वेचायला सोपं जातं, पण आग पसरते आणि आदल्या पावसाळ्यात रुजलेली मोहाचीच रोपं जळतात. मोहाच्या बियांची रुजण्याची ताकद फार दिवस टिकत नाही. पडलेली बी त्याच पावसात रुजली तर रुजली. म्हणून जुनी झाडं भरभरून फुलत असताना खाली नवं रोप दिसत नाही, अशी स्थिती येते. पाचोळा झाडून बाजूला केला किंवा झाडाखाली जाळी बांधली तरी काम होतं, आणि जाळीतली फुलं मातीही न लागता मिळतात.

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तेव्हा तिथे झाड ओळखा, वास घ्या, फुलं मात्र उचलू नका. चाखायचीच असतील तर शहापूर-मुरबाडकडे कुणा ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर मोह आहे का, ते विचारा. आणि सकाळी लवकर जा. ऊन चढलं की ती आंबू लागतात.