मिक्सरची खरखर आणि खोडदच्या तबकड्या

सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी सकाळच्या बातम्या लागायला आणि आईचा मिक्सर सुरू व्हायला एकच गाठ पडायची. रेडिओवर खरखर चढली की आजोबा ओरडायचे, “अगं, वाटण दोन मिनिटं थांबेल की!” दोष रेडिओचा नव्हता. मिक्सरच्या मोटरीत कार्बन ब्रश घासतात, तिथे बारीक निळसर ठिणग्या उडतात आणि अशी प्रत्येक ठिणगी आपल्यापुरती रेडिओ लहरी सोडत असते.

या ठिणगीचा मागोवा १८२० पर्यंत जातो. कोपनहेगनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ ओर्स्टेडने तारेतून वीज सोडली आणि शेजारची चुंबकसूची हलली. १८३१ साली फॅरेडेने उलट बाजू दाखवली: वेटोळ्यात चुंबक हलवला की तारेत वीज वाहते. आपल्या धरणांवरची जनित्रं आजही याच तत्त्वावर फिरतात.

खरी उडी स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलची. बदलतं विद्युतक्षेत्र चुंबकीय क्षेत्र निर्माण करतं, बदलतं चुंबकीय क्षेत्र पुन्हा विद्युतक्षेत्र. मग ही जोडी लहर होऊन तारेशिवायच पुढे सरकत राहील, असं त्याचं गणित सांगत होतं. वेग काढला तर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, म्हणजे प्रकाशाचाच! प्रकाशही याच जातीचा, हे त्याने दिवा न लावता, कागदावर ओळखलं. मला तरी भौतिकशास्त्रात याहून देखणं काही ठाऊक नाही.

अशा लहरींचा पुरावा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झने १८८७-८८ मध्ये दिला, तोही ठिणगीनेच. एका फटीत ठिणगी पाडली की काही अंतरावरच्या तारेच्या कड्यात, काहीही न जोडता, दुसरी इवलीशी ठिणगी उडे. ती बघायला खोलीत अंधार करावा लागे. पुढे कोलकात्यात जगदीशचंद्र बोसांनी थेट ५ मिलिमीटरच्या लहरींवर प्रयोग केले. आपल्याकडे मात्र त्यांचं नाव झाडांच्या संवेदनांपुरतंच घेतलं जातं.

या लहरींची लांबी एरवी डोळ्यांपुढे येत नाही. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ७ लाख ९२ हजार लहरी. ३ लाख किलोमीटरना त्याने भागा, एक लहर जवळपास ३७९ मीटरची निघते. विविध भारती १०१ मेगाहर्ट्झवर, तिची लहर जेमतेम ३ मीटर.

नारायणगावजवळच्या खोडदला खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आकाशातून येणाऱ्या अशाच मीटरभर लांबीच्या लहरी टिपतात. प्रत्येक तबकडी ४५ मीटर व्यासाची, पण पत्र्याची नव्हे, तारेच्या जाळीची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आरपार आभाळ दिसत होतं आणि वाटलं, यातून सगळं गळून जाणार! पण जाळीची भोकं लहरीपेक्षा फारच लहान. लहरीच्या लेखी ती सलग भिंतच. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला.

भोवतीचे डोंगर शहरातल्या रेडिओ लहरींचा गोंगाट बराच अडवतात. गावातला अडवत नाहीत. जवळच्या विजेच्या खांबावर एखादा जोड सैल झाला, तारेत ठिणगी उडू लागली, की ती दुर्बिणीत शिरते. मग हातात अँटेना घेऊन तो खांब हुडकत फिरावं लागतं.