शंभर ग्रॅमचा हिशेब आणि तीन ग्रॅमचं पान

पुण्यात बाणेर-औंधच्या मोठ्या दुकानांत नोरीची, म्हणजे सुशीला गुंडाळतात त्या वाळवलेल्या समुद्री शैवालाच्या पातळ पानांची, पाकिटं आता सहज मिळतात. त्यांच्याबरोबर दावेही येतात: समुद्री शैवालात दुधापेक्षा जास्त कॅल्शियम, डाळीपेक्षा जास्त प्रथिनं, शिवाय शाकाहाऱ्यांसाठी बी-१२. यातले बरेच आकडे खरे असतात, पण ते १०० ग्रॅम वाळलेल्या शैवालाचे असतात. नोरीचं अख्खं पान भरतं जेमतेम ३ ग्रॅम. त्यात ३० ते ४० टक्के प्रथिनं धरली तरी पोटात जातो साधारण १ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरण त्याच्या कितीतरी पट देतं. म्हणून शैवालाचं मोल ठरवायचं तर ताटात प्रत्यक्ष किती पडतं, तिथूनच सुरुवात करायला हवी.

पुणेकरांना यात सगळ्यात जवळचा प्रश्न बी-१२चा. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी माता-बालकांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश गरोदर स्त्रियांच्या रक्तात बी-१२ कमी आढळलं. हे जीवनसत्त्व वनस्पती बनवत नाहीत, शैवालंही नाहीत; ते बनवतात फक्त जीवाणू आणि त्यांचे काही सूक्ष्म भाऊबंद. शैवालात सापडणारं बी-१२ त्यांच्याकडूनच आलेलं असतं. नोरीत ते खरोखर असतं, आणि वाळलेल्या नोरीतलं मोजलेलं प्रमाण लक्षणीय आहे. गोळ्या-पावडरीत विकल्या जाणाऱ्या स्पिरुलिनाचं तसं नाही. त्यातला मोठा वाटा बी-१२सारख्या दिसणाऱ्या, पण शरीराला न वापरता येणाऱ्या रेणूचा असतो. जुन्या पद्धतीच्या चाचण्या तोही बी-१२ म्हणून मोजायच्या.

मग नोरी खाऊन कमतरता भरून निघते का? नेदरलँड्समध्ये कडक शाकाहारी आहारावर वाढणाऱ्या, बी-१२ कमी असलेल्या मुलांना शैवालं देऊन पाहिली गेली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रक्तातला बी-१२चा आकडा वाढला, पण बी-१२अभावी बिघडणारी तांबड्या पेशींची तब्येत सुधारली नाही. मुलं थोडी होती, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. तरीही ज्यांच्या तपासणीत बी-१२ कमी आलंय, त्यांनी डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा इंजेक्शन सोडून नोरीवर विसंबू नये, असं मी अगदी कळकळीने सांगेन.

चिमूटभरातही जे भरभरून मिळतं ते आयोडीन. हे मूलद्रव्य मुळात सापडलंच १८११ साली फ्रान्समध्ये, शैवालाच्या राखेत, बर्नार कुर्त्वा यांना. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं. नोरीच्या एका पानातून याचा चांगला वाटा मिळतो आणि धोका फारसा नसतो. कोम्बू, म्हणजे जपानी स्वयंपाकातलं केल्प जातीचं जाड तपकिरी शैवाल, मात्र वेगळी गोष्ट. त्याच्या एका ग्रॅममध्ये १,५०० मायक्रोग्रॅमहून अधिक, म्हणजे दहा दिवसांची गरज भागेल इतकं आयोडीन असू शकतं. आपण आयोडीनयुक्त मीठ खातोच. त्यावर रोज कोम्बूचं पाणी किंवा केल्पच्या गोळ्या घेतल्या तर थायरॉईड बिघडू शकते. थायरॉईडची गोळी चालू असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हे आधी डॉक्टरांशी बोलावं.

तंतूंच्या (फायबरच्या) बाबतीत तर आपण शैवाल कधीपासूनच खातोय. किराणा दुकानातलं चायना ग्रास म्हणजे तांबड्या शैवालातला आगर. उकळत्या पाण्यात विरघळतो, निवताना ४० अंशांच्या खाली आला की धरतो, आणि पुन्हा वितळायला साधारण ८५ अंश लागतात. म्हणून पुण्याच्या मे महिन्यातही पुडिंग ओघळत नाही. आपल्याला तो जवळजवळ पचत नाही. आतड्यातले काही जीवाणू मात्र अशा शर्करा फोडू शकतात. २०१० साली फ्रेंच संशोधकांना जपानी लोकांच्या पोटातल्या जीवाणूंमध्ये नोरीतली शर्करा तोडणारी जनुकं सापडली. ती समुद्री जीवाणूंकडून आलेली होती, बहुधा पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेल्या कच्च्या नोरीवरून. अमेरिकी नमुन्यांत ती नव्हती. एखादं अन्न पोटातल्या जीवसृष्टीची जनुकं बदलतं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

घरी करून बघायचं तर नोरीचं पान चिमट्यात धरून मंद आचेवर झपकन फिरवा. काळपट जांभळा रंग जाऊन ते हिरवं होतं. उष्णतेने तांबडं रंगद्रव्य मोडतं, हरितद्रव्य उरतं. ते चुरून गरम भातावर, वर तुपाची धार. कोम्बूची ती खोल, मांसल चव ग्लुटामेट या अमिनो आम्लाच्या क्षाराची, हे जपानी रसायनज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली दाखवलं. ग्लुटामेट नोरीतही भरपूर असतं, आणि त्यामुळे मिठाचा हात थोडा आखडता घेता येतो.

विकत घेताना पाकिटावर जात कोणती ते बघा. हिजिकी हे काळं जपानी शैवाल असेल तर घेऊ नका. त्यात असेंद्रिय आर्सेनिक, म्हणजे आर्सेनिकचं विषारी रूप, जास्त असतं आणि ब्रिटनच्या अन्न विभागाने २००४ सालीच ती खाऊ नका असं सांगितलंय. कोकणात गेल्यावर खडकांवरचं शैवाल हौसेने खरवडून आणण्याचा मोहही आवरा. शैवाल पाण्यातले जड धातू शोषून घेतं, आणि त्या किनाऱ्यावर सांडपाणी कुठून येतं हे आपल्याला माहीत नसतं.