व्हायकिंगकालीन शिशाच्या वस्तू : सोंगटी की वजन?

इंग्लंड, आयर्लंड आणि स्कँडिनेव्हियातील नवव्या-दहाव्या शतकांच्या व्हायकिंग (मूळच्या स्कँडिनेव्हियातील दर्यावर्दी लोकांच्या) वस्त्यांत शिशाच्या बोटभर उंचीच्याही नसलेल्या ओतीव वस्तू मोठ्या संख्येने सापडतात. त्यांतल्या काही पटावरच्या सोंगट्या आहेत, तर काही तागडीतली वजने. ठोकळा, चकती, घुमट, शंकू असे आकार दोन्हींत येतात, त्यामुळे नुसत्या नजरेने निवाडा करणारा हमखास फसतो. पूर्वी यांतल्या बऱ्याच सोंगट्यांची नोंद सरसकट ‘वजन’ म्हणून झाली.

दोन्ही वस्तू एकाच माणसाच्या सामानात असणे स्वाभाविक होते. व्हायकिंग व्यवहारात नाण्यावरच्या छापापेक्षा चांदीच्या वजनाला किंमत होती. अरबी दिरहम (चांदीची नाणी) आणि कडी-वाळी तोडून मोडीच्या भावाने तोलत. तोलण्याचे एक परिमाण ‘एरे’ होते. डब्लिनच्या वजनांवरून ते साधारण 26.6 ग्रॅम धरतात, म्हणजे आपल्या हिशेबात सव्वादोन तोळ्यांच्या आसपास. शिशाची घनता लक्षात घेता एवढे वजन जेमतेम 13 मिलिमीटर बाजूच्या ठोकळ्यात मावते. दुसरीकडे ‘ह्नेफाताफ्ल’ हा पटाचा खेळ होता. त्यात एका बाजूला राजा आणि त्याचे रक्षक, तर दुसऱ्या बाजूला संख्येने जास्त असलेले हल्लेखोर असत. सोंगट्या काच, हाड, अंबर किंवा व्हेलच्या हाडाच्याही असत. पण शिसे 327 अंश सेल्सियसला वितळते आणि त्याला साधी चूलही पुरते, म्हणून छावणीत तेच सोयीचे.

ओळखीची सर्वांत भरवशाची खूण बुडाशी असते. वस्तू उलटी करून पाहावी. शंकूच्या पोटात खोलगट पोकळी असेल आणि कड पातळ असेल, तर ती बहुधा सोंगटी. वजन करणाऱ्याला थोडक्या जागेत जास्त भार हवा असतो, मग तो आतून पोकळ कशाला ओतेल? शिवाय पातळ कड वापरात ठेचकाळते आणि वजन घटते. बूड सपाट व भरीव असेल तर मात्र प्रश्न तसाच राहतो, कारण सपाट बुडाच्या सोंगट्याही असतात. अशा वेळी सुरीचे काप शोधावेत. बूड किंवा कड तासून शिसे थोडे थोडे कमी केलेले दिसले, तर कोणीतरी वजन जुळवत होते असे मानायला जागा आहे. मात्र ओतताना कडेला राहिलेले जादा शिसे काढण्यासाठीही सुरी चालते, त्यामुळे एका कापावर भिस्त ठेवू नये.

वरच्या बाजूला जडावकाम असेल तर वजनाचे पारडे जड होते. लुटीतल्या धार्मिक वस्तूंवरच्या मुलामा दिलेल्या ब्राँझच्या नक्षीचे तुकडे, मीनाकामाचे तुकडे, कधी नाणे शिशात बसवलेले आढळते. मालकाला आपले वजन ओळखता यावे आणि कोणी शिसे खरवडले तर कळावे, हा त्यामागचा एक हेतू असावा. स्कॉटलंडच्या कोलन्से बेटावरील किलोरन बे येथील दफनात अशी सजवलेली वजने तागडीसह मिळाली. तिथे शंकेला वावच नाही.

आता प्रत्यक्ष तोलण्याविषयी. अभ्यासक वस्तू काट्यावर ठेवतात आणि आकडा 26.6 च्या पटीत किंवा अपूर्णांकात बसतो का ते पाहतात. पण हजार वर्षे मातीत राहिलेल्या शिशावर पांढरट कार्बोनेटचा थर चढतो. थर राहिला तर वजन वाढते, खपली पडली तर घटते. चार ग्रॅमच्या वस्तूत अर्ध्या ग्रॅमचा फरक म्हणजे बारा टक्क्यांहून जास्त चूक. शिवाय अपूर्णांक पुरेसे बारीक घेतले की कोणताही आकडा कुठेतरी बसतोच! म्हणून एकट्या वस्तूचे वजन हा पुरावा फार कच्चा. नॉर्वेतील काउपांग किंवा आयर्लंडमधील वुड्सटाउनसारखी शेकडो वजने एकत्र मिळाली, तरच त्यांतली सरासरी आणि ठरावीक आकड्यांभोवती जमणारे गठ्ठे बोलू लागतात.

इंग्लंडमधील ट्रेंट नदीकाठचे टॉर्क्सी हे या बाबतीत कसोटीचे ठिकाण आहे. 865 साली इंग्लंडात उतरलेल्या व्हायकिंगांच्या ‘महासेनेने’ 872–73 चा हिवाळा तिथे काढला. पुरातत्त्वज्ञ डॉन हॅडली आणि ज्युलियन रिचर्ड्स यांच्या अभ्यासात तिथल्या दिरहमांचे व चांदीचे तुकडे, वजने आणि शिशाच्या सोंगट्या यांचा एकत्रित विचार झाला. थंडीत अडकलेली फौज रिकाम्या वेळी पट मांडत होती हे त्यातून दिसते. पोकळ शंकू पुढे इंग्लंडमध्येच रेप्टन गावाजवळच्या फोरमार्कलाही मिळाले. त्यामुळे आता असा शंकू दिसला की महासेनेच्या वाटचालीची शंका येते.

इंग्लंडमध्ये या वस्तू बहुतेक धातुशोधक यंत्र घेऊन शेतात फिरणाऱ्या हौशी लोकांना मिळतात. 1996 च्या खजिना कायद्यात एकटीदुकटी शिशाची वस्तू सहसा बसत नाही, त्यामुळे ती कळवणे ऐच्छिक ठरते. नेमकी जागा नोंदली गेली तर शेजारचे दिरहम आणि तागडीचे तुकडे साक्ष देतात. ती नोंद नसली, तर सपाट बुडाच्या घुमटाकार गोळीबद्दल ‘सोंगटी किंवा वजन’ यापलीकडे काही लिहिता येत नाही.