पुरुष जननेंद्रियावरील त्वचाविकार : लैंगिक संबंधातून न पसरणारे

शिश्न, वृषणकोश आणि जांघ यांच्या त्वचेवर उद्भवणारे, पण लैंगिक संबंधातून न जडणारे विकार. याच भागातील काही स्वाभाविक त्वचावैशिष्ट्येही रोग समजली जातात, म्हणून त्यांचाही समावेश या नोंदीत केला आहे. ‘गुप्तरोग’ या शब्दाने येथे बराच घोळ घातला आहे. गुप्त भागावर झाला तो गुप्तरोग, अशी त्याची फोड सहज होते आणि जागेवरूनच कारण ठरवले जाते. कोपरावर सोरायसिसचा चट्टा उठला तर कोणी चारित्र्याची चौकशी करत नाही. तोच चट्टा शिश्नावर उठला की रुग्ण स्वतःच स्वतःची उलटतपासणी सुरू करतो. त्यापायी पुष्कळदा डॉक्टरकडे जाणे लांबते आणि मधल्या काळात हाताला लागेल ते मलम चोळले जाते.

या भागाच्या त्वचेची घडण वेगळी आहे. वृषणकोशाची त्वचा पातळ आणि सुरकुतलेली असते. सुंता न झालेल्या पुरुषात शिश्नमुंड (शिश्नाचे टोक) अग्रत्वचेखाली, म्हणजे पुढच्या सरकत्या कातडीखाली, झाकलेले राहते. तेथे सतत ओल असल्यामुळे एरवी कोरडे व खपलीदार दिसणारे विकार लाल, गुळगुळीत आणि चकचकीत दिसतात. शिवाय ही त्वचा औषधे फार वेगाने शोषते. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वृषणकोशाच्या त्वचेतून हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइड औषधाचे शोषण हाताच्या पुढच्या भागापेक्षा सुमारे ४२ पट आढळले. तळहाताला सोसणारे मलम येथे का सोसत नाही, ते या एका आकड्यावरून समजते.

स्वाभाविक वैशिष्ट्ये : शिश्नमुंडाच्या कडेने एका किंवा अधिक ओळींत मांडल्यासारख्या दिसणाऱ्या, १ ते २ मिमी. आकाराच्या, मोतिया किंवा त्वचेच्याच रंगाच्या बारीक पुटकुळ्या अनेक तरुणांमध्ये असतात. त्यांना मोतीसदृश पुटकुळ्या म्हणतात. त्या रक्तवाहिन्या आणि तंतुमय ऊतक यांच्या बनलेल्या असून कोणत्याही जंतूशी त्यांचा संबंध नसतो. त्या दुखत नाहीत, खाजत नाहीत आणि वयाबरोबर बहुधा पुसट होतात. घोटाळा होतो तो लैंगिक चामखिळींशी. चामखिळी खडबडीत व वेगवेगळ्या आकारांच्या असतात, वाटेल तेथे उगवतात आणि वाढत जातात. या पुटकुळ्या मात्र सारख्या आकाराच्या, शिस्तीत बसलेल्या आणि वर्षानुवर्षे जेथल्या तेथे असतात. चामखीळ समजून त्यांवर जाळणारे द्रावण लावले, तर निरोगी त्वचेवर जखम होते आणि पुटकुळ्या बऱ्याचदा जागच्या जागीच राहतात.

शिश्नाच्या दांड्यावर आणि वृषणकोशावर त्वचा ताणल्यावर उठून दिसणारे पिवळसर-पांढरे ठिपके म्हणजे केसाशी न जोडलेल्या स्निग्ध ग्रंथी होत. ओठांवरही त्या दिसतात. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ जॉन ॲडिसन फॉरडाइस यांनी १८९६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना फॉरडाइस ठिपके हे नाव पडले. त्याच वर्षी त्यांनी वृषणकोशावरील गडद लाल ते जांभळ्या पुळ्यांचेही वर्णन केले. या पुळ्या फुगलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या असतात व वाढत्या वयात अधिक दिसतात. खाजवल्यास त्यांतून रक्त येते, अंतर्वस्त्रावर डाग पडतो आणि माणूस घाबरून डॉक्टरकडे धावतो. बहुतेकांना मात्र कोणत्याही उपचाराची गरज नसते. वृषणकोशावरील कठीण, पांढरट, न दुखणाऱ्या गाठी बहुधा साध्या त्वचापुटी (त्वचेतील बंद पिशव्या) निघतात.

दाहजन्य विकार : शिश्नमुंड लाल होऊन चुरचुरण्यामागे अतिस्वच्छता हे एक नेहमीचे कारण आहे, हे ऐकून रुग्ण चकित होतात. साबण, जंतुनाशक द्रव, सुगंधी पुसण्या किंवा निरोधातील लॅटेक्स यांनी त्वचा चिडते. लाली दिसली की रुग्ण संसर्गाच्या भीतीने आणखी घासून धुतो आणि लाली आणखी वाढते. साबण बंद करून कोमट पाण्याने धुणे आणि साधे स्निग्ध मलम लावणे एवढ्यावर अनेकांना आराम पडतो. संबंधानंतर लाली वाढली तरी तिचे कारण जोडीदाराचा आजार नसून लॅटेक्स किंवा घर्षण असू शकते.

सोरायसिस शिश्नमुंडावर ठळक कडांच्या लाल चट्ट्याच्या रूपात येतो. अग्रत्वचेखाली त्यावर खपली नसल्याने ओळख पटत नाही. अशा वेळी कोपर, गुडघे, डोक्याची त्वचा आणि नखे पाहिली की उत्तर बहुधा मिळते. लायकेन प्लेनस या दाहजन्य त्वचाविकारात जांभळट, काही वेळा अंगठीच्या आकाराचे चट्टे उठतात आणि गालाच्या आतल्या बाजूस पांढरी जाळी दिसू शकते. थोडक्यात, शिश्नावरच्या चट्ट्याचा खुलासा अनेकदा शरीराच्या दुसऱ्याच भागावर लिहिलेला असतो.

औषधाने ठरावीक जागी उठणारा चट्टा हा तर संशयाचे वादळ उठवणारा विकार आहे. सल्फायुक्त प्रतिजैविके, टेट्रासायक्लिन किंवा काही वेदनाशामके घेतल्यावर काही तासांत ते काही दिवसांत शिश्नमुंडावर गोल, लाल-काळसर चट्टा येतो. कधी फोड येऊन सालही जाते. तो बरा होताना काळा डाग मागे ठेवतो आणि तेच औषध पुन्हा घेतले की नेमका त्याच जागी परततो. जननेंद्रियावरील हर्पीस हा नागिणीसारखे फोड आणणारा लैंगिक आजारही पुन्हा पुन्हा उद्भवतो, म्हणून दोहोंत गल्लत होते. गेल्या काही दिवसांत कोणती गोळी घेतली, या प्रश्नाचे नीट उत्तर मिळाले तर निदान सोपे होते. पण डोकेदुखीची गोळी औषधात मोजायची असते हे रुग्णाच्या ध्यानीमनी नसते.

लायकेन स्क्लेरोसस हा या गटातला गांभीर्याने घ्यावा असा विकार आहे. शिश्नमुंड व अग्रत्वचा पांढरी, पातळ आणि कडक होत जाते. पूर्वी सहज सरकणारी कातडी मागे जाईनाशी होते, तिला चिरा पडतात आणि मूत्रछिद्र अरुंद झाल्यास लघवीची धार बारीक होते. तो मुलांमध्येही आढळतो. येथे तीव्र स्टेरॉइड मलम हाच पहिला उपचार असतो, पण तो डॉक्टरने ठरवलेल्या मात्रेत आणि मुदतीत. गुण न आल्यास सुंता करावी लागते. काही थोड्या रुग्णांत पुढे शिश्नाचा कर्करोग उद्भवतो, म्हणून आराम पडल्यावरही तपासणी चालू ठेवतात.

सुंता न झालेल्या वयस्क पुरुषांत दिसणारा चकचकीत, नारिंगी-लाल चट्टा डच त्वचारोगतज्ज्ञ झून यांनी १९५२ मध्ये वर्णिला. तो निरुपद्रवी असतो. पण दिसायला तसाच असणारा, फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ केरा यांनी १९११ मध्ये वर्णिलेला मखमली लाल चट्टा हा त्वचेच्या वरच्या थरापुरता असलेला कर्करोग असतो. नुसत्या नजरेने दोन्ही वेगळे ओळखण्याचा धोका कोणी पत्करू नये. त्यासाठी बायॉप्सी, म्हणजे त्वचेचा बारीक तुकडा काढून तपासणी, करावी लागते.

बुरशीचे संसर्ग : संसर्ग म्हटला की तो लैंगिकच असतो असे नाही. कँडिडा ही बुरशी अनेकांच्या शरीरावर एरवीही असते. ओल, प्रतिजैविके किंवा रक्तातील वाढलेली साखर यांमुळे ती फोफावते. पुन्हा पुन्हा शिश्नमुंड सुजत असेल आणि कातडीला चिरा पडत असतील, तर साखर तपासावी. काही जणांचा मधुमेह असाच उघडकीस येतो. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहावरील गोळ्यांनीही हा त्रास वाढतो. जांघेतील गजकर्ण कडेने पसरत जाते आणि वृषणकोशाला बहुधा सोडून देते. त्यावर स्टेरॉइड मिसळलेले मलम लावले की खाज तात्पुरती थांबते, बुरशी मात्र आतल्या आत पसरते आणि चट्ट्याचे मूळ रूप बिघडून निदान अवघड होते. असे मलम महिनोन्‌महिने चालू राहिल्यास त्वचा विरते, जांघेत कायमचे पट्टे उमटतात आणि वृषणकोश सतत लाल राहून आग होऊ लागते. हा शेवटचा त्रास पुष्कळदा मूळ खाजेपेक्षा हट्टी ठरतो, कारण मलम सोडताच आग भडकते आणि रुग्ण पुन्हा मलमाकडे वळतो.

निदान : डॉक्टर पूर्ण त्वचा, तोंड व नखे पाहतात, औषधांची विचारपूस करतात आणि गरजेनुसार खरवडून काढलेल्या त्वचाकणांची तपासणी किंवा बायॉप्सी करतात. विकार लैंगिक नसल्याचे दिसत असले तरी नवीन जोडीदार, जखम किंवा स्राव असल्यास रक्त व लघवीच्या तपासण्या करून घेतात. एकाच माणसाला सोरायसिस आणि सिफिलिस दोन्ही असू शकतात. काही आठवडे न भरणारी जखम, वाढत जाणारी गाठ किंवा कडक होत जाणारा चट्टा दाखवण्यास उशीर करू नये. वृषणकोश वेगाने सुजून असह्य दुखत असेल, ताप असेल आणि त्वचा काळी पडत असेल, तर तो फोर्नियर गँग्रीन, म्हणजे या भागातील ऊतक झपाट्याने मारणारा संसर्ग, असू शकतो. मधुमेहींना त्याचा धोका अधिक असतो. त्यात मेलेले ऊतक शस्त्रक्रियेने तातडीने काढावे लागते, म्हणून अशा रुग्णाने थेट रुग्णालय गाठावे.