राजकन्या, ड्रॅगन आणि वयाची अट : पार्श्वभूमी

इंग्रजीतल्या कुमारवयीन फँटसी कादंबरीत राजकन्या आज बहुधा 16-17 वर्षांची असते. ड्रॅगन तिचा सोबती असतो, गोष्ट दोन-तीन भागांत पुरी होते आणि पहिला भागच साडेतीनशे-चारशे पानांचा असतो. हा साचा आता इतका रुळला आहे की तो पूर्वीपासूनचाच वाटतो. प्रत्यक्षात ड्रॅगनची दोस्ती 1960 नंतर रुजली आणि राजकन्येचे वय 2000 नंतर वाढत गेले. पहिला बदल लेखिकांनी घडवला. दुसऱ्याचे कारण शोधायला खपाच्या याद्यांकडे जावे लागते, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते.

ड्रॅगनला मारून राजकन्येला सोडवणाऱ्या वीराची मूळ कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यातला सहसा गाळला जाणारा भागच सांगतो. संत जॉर्जची कथा 13व्या शतकातल्या लॅटिन संतचरित्र-संग्रहात लिबियातल्या सिलीन गावी घडते. ड्रॅगनला रोज दोन मेंढ्या द्यायच्या. मेंढ्या संपत आल्या तेव्हा एक मेंढी आणि चिठ्ठी टाकून निवडलेला एक माणूस. एकचक्रा नगरीने बकासुराशी केलेला करारही असाच होता: गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस. सिलीनमध्ये चिठ्ठी राजाच्या मुलीच्या नावाने निघते. जॉर्ज ड्रॅगनला भाल्याने जखमी करतो, पण लगेच मारत नाही. तो राजकन्येला कमरेचा पट्टा ड्रॅगनच्या गळ्यात टाकायला सांगतो, आणि ड्रॅगन माणसाळल्या कुत्र्यासारखा तिच्यामागे गावात येतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीत 1470च्या सुमाराचे एक इटालियन चित्र आहे. त्यात भाला अजून ड्रॅगनच्या डोक्यात घुसलेला आहे, आणि दोरी मात्र राजकन्येच्या हातात आहे. पुढच्या पुनर्कथनांतून ही दोरी बरेचदा निसटली आणि उरली ती खडकाला बांधलेली, सुटकेची वाट पाहणारी मुलगी. 1898-99च्या सुमारास इंग्लंडमध्ये मुलांसाठी विनोदी, शांतताप्रिय ड्रॅगनच्या गोष्टी आल्या, पण राजकन्येच्या वाट्याला फारसे काही आले नाही.

खरे वळण 1967चे. अमेरिकेतल्या एका विज्ञानकथा मासिकात एका लेखिकेची दीर्घकथा आली. पुढच्या वर्षी तिला विज्ञानकथा आणि फँटसीसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. कथालेखनासाठी तो मिळवणारी ती पहिली स्त्री. 1968मध्ये ती कथा कादंबरीत सामावली गेली. नायिका उद्ध्वस्त घराण्याची वारस असून स्वतःच्याच गढीत मोलकरणीच्या वेषात लपून राहिलेली आहे. अंड्यातून बाहेर येणारा ड्रॅगन एका माणसाची निवड करतो आणि दोघांची मने जन्मभरासाठी जोडली जातात, हा नियम या पुस्तकाने पक्का केला. आजच्या ड्रॅगन-कादंबऱ्यांतला 'बाँड' इथूनच आला. पुस्तक प्रौढांच्या विज्ञानकथांच्या फळीवर होते. त्याच जगात घडणारी, खास कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली आणि संगीतवेड्या मुलीची कादंबरी 1976मध्ये आली.

या लेखिकेचे मोठेपण मी बाँडपेक्षा तिच्या हिशेबीपणात पाहतो. आग ओकायची तर ड्रॅगनने विशिष्ट दगड चावायचा आणि त्यातल्या फॉस्फीन वायूने ज्वाळा निघायच्या. ड्रॅगन पोसायचे तर खालच्या वसाहतींनी उत्पन्नाचा दशमांश द्यायचा. संकट बरीच वर्षे आले नाही की लोक हा भार नाकारू लागायचे. कथेतले सारे राजकारण या नकारातून उभे राहते.

हा हिशेब सोडला की काय बिघडते ते आकड्यांत पाहता येते. आजवर माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या उडत्या प्राण्याचा, म्हणजे क्वेत्झालकोआट्लस या टेरोसॉरचा, पंखविस्तार 10-11 मीटर आणि वजन साधारण 200-250 किलो मानले जाते. ड्रॅगनचा पंखविस्तार 20 मीटर केला, म्हणजे मापे दुप्पट झाली, की पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते आणि वजन आठपट, म्हणजे सुमारे दोन टन. पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवरचा भार दुप्पट होतो आणि हवेत टिकायला लागणारा किमान वेग सुमारे 1.4 पट. अशा जनावराला पाठीवरच्या 50 किलोच्या मुलीचे ओझे जाणवणारही नाही. त्याची अडचण जमिनीवरून उठण्याची आहे. म्हणून जाणते लेखक ड्रॅगनना कड्यावर राहायला देतात, आणि नवखे लेखक त्यांना राजवाड्याच्या अंगणातून सरळ वर उडवतात. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. तीन हजार मीटरवर रेशमी झग्यात बसलेली राजकन्या तासाभरात बोटे हलवू शकणार नाही.

आता खाणे. दोन टन वजनाच्या उष्णरक्ताच्या, फिरत्या प्राण्याला ढोबळ अंदाजाने रोज 30 ते 40 किलो मांस लागेल. म्हणजे मेंढ्या एक ते दोन. सिलीनच्या गावकऱ्यांचा आकडा अगदी वावगा नव्हता! रोज दोन धरल्या तर एका ड्रॅगनला वर्षाला 730 मेंढ्या, आणि शंभर ड्रॅगनच्या सेनेला 73 हजार. त्यांची कुरणे, धनगर, हिवाळ्याचा चारा यांपैकी काहीच ज्या कादंबरीत दिसत नाही, तिथे राजकन्येला राज्य चालवताना निर्णय असा घ्यावाच लागत नाही. मग उरतो दरबारी कट आणि प्रेमाचा त्रिकोण.

1980मध्ये कॅनडात आलेल्या एका चित्रपुस्तकाने राजकन्येच्या अंगावरचे राजवस्त्र जाळून तिला कागदी पिशवी नेसवली. ती ड्रॅगनला त्याच्याच बढाईत दमवते, राजपुत्राला सोडवते आणि शेवटी त्याच्याशी लग्न नाकारते. 1984च्या कादंबरीतली राजकन्या माझ्या मते या सगळ्या परंपरेत सर्वांत भक्कम आहे. तिला जुन्या पुस्तकात आगीपासून वाचवणाऱ्या मलमाची कृती सापडते. घटक दिलेले, प्रमाण मात्र नाही. ती ते मलम बनवते, लाकडाच्या तुकड्यांना फासून विस्तवात धरते, फसते, प्रमाण बदलते. मलम जमल्यावर ती लहान ड्रॅगनांच्या शिकारीला एकटी जाते. मोठ्या ड्रॅगनपुढे मात्र तेच मलम अपुरे पडते आणि ती भाजून निघते. तंत्राची मर्यादा दाखवणारा हा प्रसंग पुढच्या लेखकांनी फारसा उचलला नाही. 1990मधल्या एका कादंबरीत राजकन्या आपण होऊन ड्रॅगनकडे राहायला जाते, त्याचा स्वयंपाक आणि ग्रंथालय सांभाळते आणि सोडवायला आलेल्या सरदारांना परत पाठवते.

1984च्या त्या पुस्तकाला अमेरिकेतले बालसाहित्याचे 1985चे न्यूबेरी पदक मिळाले. त्या पदकासाठी 'मूल' म्हणजे 14 वर्षांपर्यंतचा वाचक, 14 धरून. अमेरिकी ग्रंथालय संघटनेत किशोरांसाठी वेगळा विभाग 1957पासून होता, त्याचे वय 12 ते 18. म्हणजे 12 ते 14 ही तीन वर्षे दोन्हीकडे मोजली जात. यात गोंधळ दिसतो, पण सोय मोठी होती: एकच पुस्तक दोन्ही फळ्यांवर ठेवता येई आणि ग्रंथपाल मूल पाहून ते हातात देई. ही सोय 2000नंतर आवळली गेली.

ती आवळली एका दैनिकाच्या खपाच्या यादीबद्दलच्या निर्णयाने. तो आजही वादाचा आहे, म्हणून थोडा सविस्तर. डिसेंबर 1998मध्ये जादूच्या शाळेची एक ब्रिटिश बालकादंबरी न्यूयॉर्कच्या प्रमुख दैनिकाच्या साप्ताहिक बेस्टसेलर यादीत शिरली, हार्डकव्हर ललित पुस्तकांच्या यादीत. तिचे पुढचे भाग मागोमाग आले आणि बाहेर पडायची चिन्हे दिसेनात. जागा 15, त्यांतल्या वरच्या तीन मुलांच्या एकाच मालिकेने अडवलेल्या, आणि चौथा भाग 8 जुलै 2000ला येणार. प्रौढांच्या पुस्तकांच्या प्रकाशकांनी तक्रार लावून धरली. 23 जुलै 2000पासून दैनिकाने मुलांच्या पुस्तकांची स्वतंत्र यादी सुरू केली आणि मुख्य यादी त्यांना बंद झाली.

बाजू घेणारे म्हणत की नव्या प्रौढ लेखकांना जागा मिळेल आणि आजवर कुठल्याच यादीत न दिसणारी मुलांची पुस्तकेही लोकांसमोर येतील. दुसरी गोष्ट खरी ठरली, ते मान्य करायला हवे. विरोधकांचा मुद्दा साधा होता: काय खपते ते दाखवणे एवढेच यादीचे काम. जास्त खपते म्हणून एखादे पुस्तक हलवले की ती खपाची नोंद उरत नाही. मला हा मुद्दा आजही बिनतोड वाटतो. शिवाय पुस्तक कोण विकत घेते हे कुणी पाहिलेच नाही. प्रकाशकाने ते कोणत्या वयासाठी म्हटले, त्यावरच यादी ठरली. त्यामुळे वयाचे लेबल ही ग्रंथपालाची सूचना न राहता विक्री विभागाचा डावपेच झाला. प्रौढांच्या यादीत पंधरावे येण्यापेक्षा मुलांच्या यादीत तिसरे येणे सोपे, मग जे पुस्तक 1968मध्ये प्रौढांच्या फळीवर गेले असते ते किशोरांच्या नावाने छापायचे. 2004मध्ये मालिकांनाही वेगळी यादी मिळाली. पूर्ण मालिका एका ओळीत मोजली जाऊ लागल्यावर एकेकट्या राजकन्येपेक्षा त्रयीतली राजकन्या प्रकाशकाला सोयीची झाली. त्रयीची रीत जुनीच होती, आता तिला यादीचा आधार मिळाला.

डिसेंबर 2012मध्ये मुलांची यादीही दुभंगली: 8 ते 12 वयाची 'मिडल ग्रेड' आणि 12च्या पुढची 'यंग अ‍ॅडल्ट'. त्याच वर्षी एका बाजार-पाहणीत दिसले की यंग अ‍ॅडल्ट पुस्तके विकत घेणाऱ्यांपैकी 55 टक्के लोक 18 किंवा त्याहून मोठे आहेत, त्यांतला सर्वांत मोठा गट 30 ते 44चा, आणि विचारल्यावर बहुतेक सांगतात की आपण स्वतःसाठी घेतो. त्या फळीवर प्रौढ ग्राहक आहे हे कळल्यावर पुस्तके त्याच्या चवीकडे झुकली. नायिका 17ची झाली, प्रेमकथा मध्यभागी आली, युद्धातली हिंसा वाढली. शब्दसंख्याही ताणली गेली. मिडल ग्रेडला 40 ते 60 हजार शब्द पुरतात. यंग अ‍ॅडल्ट फँटसीला 80 हजार ते लाख ही आता सर्वसाधारण अपेक्षा आहे.

या काळात चांगली पुस्तके आलीच. 2012मध्ये आलेल्या एका कादंबरीत ड्रॅगन माणसाचे रूप घेऊ शकतात, गणिती तर्काने चालतात आणि भावनांना रोग समजतात. नायिका दरबारातली संगीतकार, आईकडून ड्रॅगनच्या वंशाची. चाळीस वर्षे जुना शांततेचा तह ढासळतो आहे, आणि राजघराण्यातली मुलगी त्यात बाहुली म्हणून नव्हे तर निर्णय घेणारी म्हणून उभी आहे. खाणे, वायू आणि पंख यांच्या हिशेबाऐवजी कायदा आणि मुत्सद्देगिरी यांचा हिशेब इथे नीट मांडला आहे, आणि तोही तितकाच चोख.

पुढचे वळण 2023चे. ड्रॅगनस्वारांच्या युद्ध-विद्यालयाची एक कादंबरी प्रौढांसाठी म्हणून आली आणि प्रचंड खपली. नायिका 20 वर्षांची, शृंगार उघड. 'न्यू अ‍ॅडल्ट' (18च्या पुढच्या तरुणांसाठी) हे लेबल एका अमेरिकी प्रकाशनगृहाने 2009मध्ये पुढे आणले होते, या पुस्तकाच्या यशाने ते जोरात चालू लागले. यंग अ‍ॅडल्टमध्ये घुसलेला प्रौढ ग्राहक आता तिकडे सरकतो आहे. पण त्याच्यासाठी वाढवलेले वय मागे येताना दिसत नाही.

याचा फटका 12 ते 14च्या वाचकांना बसतो. मुले साधारणपणे आपल्याहून दोन वर्षांनी मोठ्या पात्राबद्दल वाचतात. म्हणजे 12 वर्षांच्या मुलीला 14ची राजकन्या हवी. हस्तलिखितात 14ची नायिका दिसली की संपादकाकडून हमखास सूचना येते: 12 करा किंवा 16. एवढा आकडा बदलून भागत नाही. 14व्या वर्षी गादी मिळाली तर वारस अल्पवयीन असतो, तिच्या नावाने कारभार दुसरा कुणी पाहतो आणि कथेचा ताण त्या माणसाशी असतो. 16 केले की दरबार तिच्या लग्नाचा तह करायला बसतो, सैन्याची शपथ तिलाच घ्यावी लागते आणि कारभारी पात्राला काम उरत नाही. 12 केले तर तिला एकटीला ड्रॅगनच्या गुहेपर्यंत पाठवण्यासाठी आधी घरची सगळी मोठी माणसे वाटेतून दूर करावी लागतात, आणि पहिली तीन-चार प्रकरणे त्यातच खर्ची पडतात.