उसने शूज आणि एक सेंटीमीटर

१९ जानेवारी २०२० ची मुंबई मॅरेथॉन इथिओपियाच्या देरारा हुरिसाने जिंकली, तीही दुसऱ्या धावपटूकडून मागून घेतलेल्या शूजवर. वेळ २ तास ८ मिनिटे ९ सेकंद, म्हणजे त्या मार्गावरचा तेव्हाचा विक्रम. मॅरेथॉनला उसने शूज घालणं म्हणजे लग्नाला भावाचा सदरा घालून जाण्याइतकं सोपं नसतं. शूज अर्धा नंबर इकडेतिकडे असले, तरी परतीच्या पेडर रोडच्या चढावर पायाची नखं हिशेब मागतात. हुरिसाचं नाव पुढे पुन्हा येणार आहे, तेव्हाही शूजपायीच.

आज शर्यतीच्या पहाटे स्टार्ट लाइनजवळ उभं राहिलं की जाड सोलचे, भडक रंगांचे शूज सगळीकडे दिसतात. आपण त्यांना सरसकट ‘कार्बन प्लेट’ म्हणतो. पण दहा-पंधरा वर्षांपूर्वी शर्यतीचे शूज याच्या अगदी उलट असायचे: पातळ, सपाट, जवळजवळ चपटे. त्यामागचं गणित सरळ होतं. पायात १०० ग्रॅम वजन वाढलं की धावायला साधारण १ टक्का जास्त ऊर्जा लागते. म्हणून जे कापता येईल ते कापायचं, आणि पहिली कात्री लागायची ती सोलला. सत्तरच्या दशकापासून सोलमध्ये ईव्हीए नावाचा फोम असायचा. तो जाड केला की वजन वाढायचं, आणि दाबल्यावर तो ऊर्जाही पुरेशी परत द्यायचा नाही.

प्लेटची कल्पना मात्र जुनीच. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात डॅरन स्टेफानिशिन आणि बेनो निग यांनी २००० च्या आसपास दाखवलं, की पाऊल उचलताना अंगठ्याच्या मुळाशी सांधा वाकतो आणि तिथे ऊर्जा वाया जाते. सोलमध्ये कार्बनची ताठ पट्टी घातली, की ही गळती कमी होते. २००६ मध्ये स्टेफानिशिन यांनीच एका सहकाऱ्यासोबत सोलचा ताठपणा वाढवून मोजणी केली. फायदा सुमारे १ टक्का निघाला. वाईट नाही, पण जगाने दखल घ्यावी इतकाही नाही.

खरी उलथापालथ केली ती फोमने. पेबॅक्स हे प्लास्टिक स्की खेळणाऱ्यांच्या बुटांत आधीपासून वापरात होतं. त्याचा फोम केला तर तो अतिशय हलका निघतो, आणि अंगठ्याने दाबून सोडला तर लगेच उसळतो. हलका असल्यामुळे तो जाड ठेवला तरी चालतं, आणि जाड ठेवला की दबायला जागा मिळते. नायकेने या फोमच्या पोटात वळणदार कार्बन प्लेट बसवली. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या मॅरेथॉनची तिन्ही पदकं, केनियाच्या एलिउड किपचोगेचं सुवर्ण, इथिओपियाच्या लिलेसाचं रौप्य आणि अमेरिकेच्या गेलन रपचं कांस्य, तोवर बाजारात न आलेल्या याच शूजवर जिंकली गेली. बाकीच्यांना त्याचा पत्ताच नव्हता. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वात खटकणारा भाग हाच.

२०१७ मध्ये ‘व्हेपरफ्लाय ४%’ २५० डॉलरला विक्रीला आले. नावातले चार टक्के कोलोरॅडो विद्यापीठातल्या चाचणीतून आलेले. १८ धावपटू, तीन प्रकारचे शूज, आणि वजनाचा फरक पडू नये म्हणून हलक्या शूजमध्ये शिशाच्या गोळ्या. दाबल्यावर नव्या शूजने ८७ टक्के ऊर्जा परत दिली. आदिदासच्या जोडीने सुमारे ७६ आणि नायकेच्याच जुन्या जोडीने ६५ टक्के. धावण्याची ऊर्जा सरासरी ४ टक्क्यांनी वाचली, पण कुणाची दोनच्या आसपास तर कुणाची सहा. अभ्यासाला पैसा नायकेचा होता, हेही लक्षात ठेवावं.

मग प्लेट नेमकं काय करते? वूटर हूगकामर त्या पहिल्या अभ्यासात होते. त्यांनी नंतर लॉरा हीलीसोबत एक मजेशीर काम केलं: व्हेपरफ्लायची प्लेट करवतीने आडवी कापली, सहा ठिकाणी. ताठपणा गेला, पण ऊर्जेच्या खर्चात जेमतेम अर्ध्या टक्क्याचा फरक पडला, तोही ठामपणे सांगता येऊ नये इतका. म्हणजे नाव प्लेटचं झालं आणि बराचसा भार फोमने वाहिला. नुसती ‘कार्बन’ची पाटी बघून साध्या फोमचे शूज घेणाऱ्यांनी हे जरा मनावर घ्यावं.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये दोन दिवसांत दोन धक्के बसले, दोन्ही नायकेच्या अशाच जाड शूजवर. १२ तारखेला व्हिएन्नात किपचोगे मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत धावला. वेगधारकांची, म्हणजे सोबत धावून वेग राखून देणाऱ्यांची, खास व्यवस्था असल्याने तो अधिकृत विक्रम नव्हे. दुसऱ्याच दिवशी शिकागोत ब्रिजिड कोसगेईने २:१४:०४ ची वेळ देऊन पॉला रॅडक्लिफचा १६ वर्षं अढळ राहिलेला महिलांचा जागतिक विक्रम ८१ सेकंदांनी मोडला. आता नियम करणं भाग होतं.

मुंबईतल्या त्या उसन्या शूजनंतर बाराच दिवसांनी, ३१ जानेवारी २०२० ला, वर्ल्ड अॅथलेटिक्स या खेळाच्या जागतिक संघटनेने नियम जाहीर केले: सोल जास्तीत जास्त ४० मिलिमीटर, आणि प्लेट एकच. फोम किती उसळतो हे शर्यतीच्या ठिकाणी मोजणार कोण? जाडी मात्र पट्टीने मोजता येते, म्हणून हद्द जाडीची.

या पट्टीत पहिला मोठा बळी सापडला तो आपला हुरिसाच. १२ सप्टेंबर २०२१, शहर पुन्हा व्हिएन्ना. तो केनियाच्या लेओनार्ड लांगाटच्या तीन सेकंद आधी पोचला, आणि थोड्याच वेळात बाद ठरला. अर्जात त्याने एक जोडी लिहिली होती, पायात दुसरीच होती. तिचा सोल ५ सेंटीमीटरचा, म्हणजे एक सेंटीमीटर जास्त.

जाडी बांधली गेल्यावर कंपन्या पुन्हा वजनाकडे वळल्या. २०२३ मध्ये आदिदासने ‘अदिओस प्रो इव्हो १’ आणले: एक शूज १३८ ग्रॅमचा, म्हणजे मध्यम कांद्याएवढा, आणि जोडीची किंमत ५०० डॉलर. ते घालून इथिओपियाच्या तिगिस्त असेफाने बर्लिनमध्ये महिलांच्या मॅरेथॉनमध्ये २:११:५३ ची वेळ दिली. त्या दिवशी आपल्याकडचा पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम होता २:१२:००. तो १९७८ मध्ये जालंधरला शिवनाथ सिंग यांनी केला होता, आणि त्यांची ओळखच अनवाणी धावणारा माणूस अशी होती.